क्रमाचा पुरावा

ऑपरेटिंग सिस्टिमचे कर्नेल, डिव्हाइस ड्रायव्हर, डेटाबेसचे इंजिन किंवा मेमरीचे वाटप करणारी लायब्ररी अशा संगणकाच्या अगदी खालच्या थरात काम करणाऱ्या प्रोग्रामरची पुराव्याविषयीची कल्पना काळाच्या ओघात बदलत जाते. सॉफ्टवेअरच्या बहुतेक क्षेत्रांत प्रोग्राम चालवून पाहणे हाच तो बरोबर असल्याचा मुख्य पुरावा मानला जातो; चाचण्या पार पडल्या आणि ग्राहकाकडून महिनोन्महिने तक्रार आली नाही, की ते काम मार्गी लागले असे समजतात. परंतु जेथे अनेक कोअर एकाच मेमरीत एकाच वेळी लिहीत आणि वाचत असतात, तेथे हा पुरावा तोकडा पडतो, कारण कोट्यवधी फेऱ्यांत एखाद्याच वेळी आणि तेही विशिष्ट प्रोसेसरवरच प्रकट होणारी चूक चाचणीत दिसली नाही, एवढ्यावरून ती नाही असे म्हणता येत नाही. ॲटॉमिक क्रिया आणि मेमरी ऑर्डरिंग यांच्याशी ज्यांचा रोजचा संबंध येतो, त्यांच्या अनुभवाचे सार असे सांगता येईल, की या कामात बरोबरपणा निरीक्षणाने हाती लागत नाही, तो युक्तिवादाने सिद्ध करावा लागतो, आणि तो युक्तिवाद कोडच्या शेजारी लिहून ठेवणे हा कामाचाच एक भाग असतो.

या विषयाची सोपी बाजू ॲटॉमिक क्रियेची आहे. जिची अर्धवट अवस्था दुसऱ्या कोणत्याही थ्रेडला कधीच दिसू शकत नाही, ती ॲटॉमिक क्रिया होय. एखाद्या व्हेरिएबलमध्ये एक मिळवणे ही प्रोग्राममध्ये एकच ओळ असली, तरी प्रोसेसरला त्यासाठी मेमरीतून किंमत वाचणे, तीत एक मिळवणे आणि उत्तर परत लिहिणे अशी तीन कामे करावी लागतात. दोन थ्रेडांनी एकाच सुमारास ७ ही किंमत वाचली, तर दोघेही ८ लिहितात आणि त्यांतली एक वाढ कायमची हरवते. हे टाळण्यासाठी एक्स८६ या घराण्यातील प्रोसेसरांत इन्स्ट्रक्शनच्या आधी ‘लॉक’ हा उपसर्ग लावण्याची सोय आहे, तर एआरएमच्या आठव्या आवृत्तीत आरंभी राखीव वाचन आणि सशर्त लेखन यांची जोडी वापरली जाई, आणि ८.१ या सुधारणेपासून थेट ॲटॉमिक बेरीज व अदलाबदल करणाऱ्या इन्स्ट्रक्शन मिळाल्या. यांतली सर्वांत उपयोगी क्रिया ‘कम्पेअर अँड स्वॉप’ ही होय. मेमरीतील किंमत अपेक्षेप्रमाणे असेल तरच तेथे नवी किंमत ठेवायची आणि नसेल तर तसे कळवायचे, एवढेच काम ती अविभाज्यपणे करते. मॉरिस हर्लिही यांनी १९९१ मध्ये असे सिद्ध केले, की केवळ साध्या वाचन-लेखनाच्या बळावर कोणी कोणासाठी खोळंबून न राहता दोन थ्रेडांचेही एकमत घडवता येत नाही, या क्रियेच्या आधारे मात्र कितीही थ्रेडांचे घडवता येते. अर्थात ही क्रिया फुकट मिळत नाही. ती करणाऱ्या कोअरला संबंधित कॅशे लाइन, म्हणजे बहुतेक यंत्रांवर ६४ बाइटांचा तुकडा, तेवढ्यापुरती एकट्याच्या ताब्यात घ्यावी लागते, आणि अनेक कोअर एकाच मोजणीच्या मागे लागले की ती लाइन त्यांच्यात सतत फिरत राहून सगळ्यांचाच वेग मंदावतो.

प्रोग्रामरला खरे कोड्यात टाकते ती दुसरी बाजू, म्हणजे क्रमाची. एका थ्रेडने आधी माहिती लिहायची आणि मग ‘माहिती तयार आहे’ असे सांगणारा फ्लॅग १ करायचा, दुसऱ्याने फ्लॅग १ झालेला दिसताच माहिती वाचायची, ही रचना इतकी सरळ वाटते की तीत चूक असू शकेल अशी शंकाही येत नाही. वस्तुतः हा क्रम दोन ठिकाणी मोडू शकतो. माहिती आणि फ्लॅग यांचा परस्परांशी काही संबंध आहे हे कंपायलरला ठाऊक नसते, त्यामुळे एकाच थ्रेडच्या दृष्टीने परिणाम तोच राहत असेल तर तो दोन्ही लेखनांची अदलाबदल करण्यास मोकळा असतो, किंवा फ्लॅग एकदाच रजिस्टरमध्ये वाचून ठेवून पुढे मेमरीकडे वळूनही पाहत नाही. कंपायलरने क्रम राखला तरी प्रोसेसर तो राखीलच असे नाही, आणि याचे एक प्रमुख कारण स्टोअर बफर हे आहे. कॅशेत लिहिण्यासाठी लागणारा वेळ वाया जाऊ नये म्हणून प्रत्येक कोअर आपले लेखन आधी स्वतःजवळच्या लहानशा रांगेत ठेवून पुढच्या कामाला लागतो. सरकारी कार्यालयातील कारकुनाने पत्र जावक नोंदवहीत चढवले की त्याच्या लेखी ते रवाना झालेले असते, परंतु पलीकडच्या कार्यालयाच्या आवक नोंदवहीत ते उमटेपर्यंत तेथील माणसांच्या लेखी ते अस्तित्वातच नसते. कोअरांमधील व्यवहार नेमका याच स्वरूपाचा असतो.

याचे एक उदाहरण अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमातच सापडते. गॅरी पीटरसन यांनी १९८१ मध्ये मांडलेला, दोन थ्रेडांपैकी एकालाच सामायिक भागात प्रवेश देणारा अल्गोरिदम ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या विषयात आजही शिकवला जातो आणि परीक्षेत त्याची सिद्धताही विचारली जाते. त्यात प्रत्येक थ्रेड आधी आपला फ्लॅग उंचावतो, मग पाळी दुसऱ्याला देऊ करतो आणि त्यानंतर दुसऱ्याचा फ्लॅग पाहतो. एक्स८६ प्रोसेसरवर दोघांचीही लेखने आपापल्या स्टोअर बफरमध्ये पडून असताना दोघेही समोरच्याचा फ्लॅग वाचू शकतात. दोघांनाही तो ० दिसतो आणि दोघेही आत शिरतात. सिद्धतेच्या तर्कात काही खोट नसते, परंतु ‘एकाने लिहिलेले त्याच क्षणी सर्वांना दिसते’ हे तिचे न सांगितलेले गृहीतक आजच्या यंत्रांना लागू पडत नाही. हे गृहीतक लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७९ मध्ये काटेकोरपणे मांडले: सर्व प्रोसेसरांच्या क्रिया जणू एकाच रांगेत एकामागून एक झाल्या आणि त्या रांगेत प्रत्येक प्रोसेसरचा स्वतःचा क्रमही टिकून राहिला, असा परिणाम मिळत असेल तर ते यंत्र ‘सिक्वेन्शियली कन्सिस्टंट’ मानावे. प्रोग्रामरला मनोमन हवे असते ते हेच यंत्र, पण वेगासाठी तडजोड करणाऱ्या निर्मात्यांनी ते सहसा दिलेले नाही.

तडजोड सर्वांनी सारखी केलेली नाही, आणि या कामातील पुष्कळ मनस्तापाचे मूळ तेथे आहे. एक्स८६ साध्या मेमरीच्या बाबतीत प्रामुख्याने एकच सवलत घेतो: आधीचे लेखन बफरमध्ये असताना पुढचे वाचन उरकून घेतो. एआरएम आणि पॉवर हे प्रोसेसर, परस्परांवर अवलंबून नसलेल्या वाचन-लेखनांचा जवळजवळ कोणताही क्रम बदलू शकतात. डेकच्या अल्फा प्रोसेसराने तर याहून पुढची पायरी गाठली होती, कारण त्याच्या दुभागलेल्या कॅशेमुळे नवा पॉइंटर वाचूनही त्या पॉइंटरने दाखवलेल्या जागी जुनी किंमत दिसणे शक्य होते; लिनक्स कर्नेलमध्ये केवळ त्याच्यासाठी वेगळा बॅरिअर वर्षानुवर्षे बाळगावा लागला आणि ४.१५ या आवृत्तीत तो सर्वसाधारण वाचनाच्या मॅक्रोत सामावून घेण्यात आला. बॅरिअर किंवा फेन्स म्हणजे आपल्या अलीकडच्या आणि पलीकडच्या मेमरी-क्रियांची सरमिसळ होऊ न देणारी इन्स्ट्रक्शन.

एक्स८६ वर वाढलेला कोड एआरएमवर नेताना काय घडते, हे जवळून पाहिल्यास मुद्दा अधिक स्पष्ट होतो. एक थ्रेड वर्तुळाकार बफरमध्ये पॅकेट भरतो आणि दुसरा ती काढून घेतो, अशी लॉक न वापरणारी रांग नेटवर्क आणि स्टोरेजच्या उत्पादनांत जागोजागी आढळते. भरणारा थ्रेड पॅकेट जागेवर ठेवून शेवटचा निर्देशांक एकाने वाढवतो आणि काढणारा निर्देशांक पुढे सरकलेला पाहून पॅकेट उचलतो. निर्देशांक ‘व्होलाटाइल’ म्हणून घोषित केलेला असतो आणि तेवढ्याने भागले असे लिहिणाऱ्याने धरलेले असते. एक्स८६ वर लेखने एकमेकांच्या पुढे जात नाहीत, आणि कंपायलरनेही बहुधा हात लावलेला नसतो, त्यामुळे हा कोड वर्षानुवर्षे निर्धोक चालतो. एआरएमच्या सर्व्हरवर मात्र तासन्तास भार दिल्यावर कधीतरी एखादे पॅकेट आधीच्या फेरीतील मजकूर घेऊन बाहेर पडते. चेकसम जुळत नाही म्हणून सुरुवातीला संशय नेटवर्क कार्डवर जातो, नंतर मेमरीच्या चिपवर. कारण शोधण्यासाठी लॉगची एक ओळ घातली की दोष नाहीसा होतो, कारण लॉग लिहिणारे फंक्शन आतून लॉक घेते आणि त्या लॉकमधील बॅरिअर अभावितपणे क्रम दुरुस्त करून टाकतो. डीबगर जोडला तर थ्रेडांची गतीच बदलते आणि दोष पुन्हा लपतो. अशा प्रसंगी अनुभवी माणूस यंत्रापुढून उठून कागदाकडे वळतो, दोन्ही थ्रेडांच्या क्रिया दोन स्तंभांत मांडतो आणि पॅकेटचे लेखन निर्देशांकाच्या लेखनाआधी दिसलेच पाहिजे असे कोणत्या नियमाने ठरते, हा प्रश्न विचारतो. तसा नियम कोडमध्ये कोठेही नाही असे आढळले, की दोष पुन्हा घडवून न पाहताही त्याचे निदान पूर्ण झालेले असते.

दुरुस्ती दोन शब्दांची असते. निर्देशांकाचे लेखन ‘रिलीज’ प्रकारचे करायचे, म्हणजे त्याआधीची सर्व वाचने व लेखने त्याच्या पलीकडे घसरू शकत नाहीत, आणि समोरचे वाचन ‘अक्वायर’ प्रकारचे करायचे, म्हणजे त्यानंतरच्या वाचन-लेखनांना त्याच्या आधी जाता येत नाही. अक्वायर वाचनाला रिलीज लेखनाची किंमत दिसली, की लिहिणाऱ्याने तोवर केलेले सर्व काही वाचणाऱ्याला दिसेल अशी हमी मिळते. यातला कोणताही एकच शब्द लिहून चालत नाही, कारण हमी जोडीची असते. लिहिणाऱ्याने पाळलेली शिस्त वाचणाऱ्याने पाळली नाही तर ती व्यर्थ जाते. एक्स८६ वर या दोन्हींसाठी साधीच वाचन-लेखनाची इन्स्ट्रक्शन पुरते, त्यांचा परिणाम केवळ कंपायलरवर होतो, तर एआरएमच्या आठव्या आवृत्तीत यांसाठी वेगळ्या इन्स्ट्रक्शन आहेत. प्रोग्रामरने मात्र या दोहोंचा विचार न करता भाषेच्या नियमांना धरून लिहावे, म्हणजे उद्या येणाऱ्या तिसऱ्या प्रोसेसरवरही तोच युक्तिवाद लागू राहतो.

भाषेचे हे नियम तयार होण्यास बराच काळ गेला, आणि त्या प्रवासाचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे. पवईच्या आयआयटीतून १९८७ मध्ये पदवी घेऊन अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात गेलेल्या सरिता आडवे यांनी मार्क हिल यांच्यासमवेत १९९० मध्ये या प्रश्नाकडे करार म्हणून पाहण्याची दृष्टी दिली: प्रोग्रामरने आपल्या कोडमध्ये डेटा रेस ठेवू नये, म्हणजे एकाच जागी दोन थ्रेड समन्वयाविना जाऊन पोहोचले आणि त्यांतला निदान एक लिहीत आहे असे होणार नाही, याची काळजी घ्यावी, आणि त्याच्या बदल्यात यंत्राने त्याला लॅम्पोर्ट यांच्या व्याख्येतील सरळ रांगेचा आभास द्यावा. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या डॅश प्रकल्पातील संशोधकांनी अक्वायर आणि रिलीज हा भेद मांडला. जावाची मूळ मेमरी मॉडेल, म्हणजे मेमरी-क्रियांच्या क्रमाची नियमावली, सदोष ठरल्यावर २००४ मधील पाचव्या आवृत्तीत ती नव्याने लिहिली गेली. हान्स बोम यांनी २००५ मध्ये असे दाखवून दिले, की कंपायलरला थ्रेडांची जाणीव नसेल तर केवळ लायब्ररीच्या रूपाने थ्रेड सुरक्षितपणे देता येत नाहीत, आणि २०११ मध्ये सी व सी प्लस प्लस या दोन्ही भाषांच्या प्रमाणग्रंथांत ॲटॉमिक प्रकार व त्यांच्या क्रमांचे नियम दाखल झाले. जावा आणि सी प्लस प्लस या दोन्हींच्या मॉडेलमागे आडवे यांच्या कराराचीच कल्पना आहे.

अनुभवाच्या भरवशावर चालण्याच्या मर्यादा याच इतिहासात दिसून येतात. लिनक्स कर्नेलच्या विकासकांत १९९९ मध्ये असा वाद झाला, की एक्स८६ वर स्पिनलॉक, म्हणजे मोकळे होईपर्यंत थ्रेडला जागीच घिरट्या घालायला लावणारे लॉक, सोडताना लॉक उपसर्गाची महाग इन्स्ट्रक्शन हवी की साधे लेखन पुरेल. पहिलीला सुमारे २२ क्लॉक-टिक लागत आणि दुसरीला एक. हयातभर हेच काम केलेली जाणती माणसे दोन्ही बाजूंना होती, साधे लेखन चालणार नाही असे ठामपणे सांगितले जात होते, आणि साधे लेखन पुरते हा निर्वाळा अखेर इंटेलच्या एका अभियंत्याने दिल्यावर वाद मिटला. प्रश्न यंत्र चालवून सुटणारा नव्हता, कारण चाललेल्या यंत्राने ‘आजवर बिघडले नाही’ एवढेच सांगितले असते, आणि निर्मात्यांच्या दस्तऐवजांतील गद्य वर्णनेही पुरेशी नेमकी नव्हती. केंब्रिज विद्यापीठातील पीटर सिवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा वर्षांनी एक्स८६ ची मेमरी मॉडेल गणिती रूपात मांडली, तेव्हा अशा प्रश्नांना तपासून पाहता येईल असे उत्तर मिळू लागले.

रोजच्या कामात हा युक्तिवाद किती बारकाव्याने करावा लागतो, हे संदर्भमोजणीच्या उदाहरणावरून कळते. अनेक थ्रेड एकच वस्तू वापरत असतील तर किती जणांकडे तिचा संदर्भ आहे ही संख्या वस्तूसोबत ठेवतात. नवा संदर्भ घेताना ती वाढवतात, सोडताना कमी करतात आणि ती शून्यावर आणणारा थ्रेड वस्तू नष्ट करतो. सी प्लस प्लसमधील सामायिक पॉइंटर आणि रस्टमधील ‘आर्क’ हा प्रकार या तत्त्वावर चालतात. वाढ आणि घट दोन्ही ॲटॉमिक हव्यात हे उघड आहे, पण त्यांचा क्रम सारखा नसतो. वाढ करणाऱ्याकडे आधीचा एक संदर्भ असतोच, त्यामुळे संख्या त्याच्या हातून शून्य होण्याचा संभव नसतो आणि वाढीच्या आधारावर तो दुसरी कोणतीही माहिती वाचत नाही. म्हणून वाढ ‘रिलॅक्स्ड’, म्हणजे अविभाज्य परंतु क्रमाची कोणतीही हमी नसलेली, असली तरी पुरते. घटीचे तसे नाही. पहिल्या थ्रेडने वस्तूत शेवटचे काही लिहून संख्या २ वरून १ केली आणि दुसऱ्याने ती १ वरून ० करून वस्तू मोडीत काढली, तर पहिल्याचे लेखन मोडीच्या आधीच पूर्ण झालेले असले पाहिजे. अन्यथा ते परत दिलेल्या, कदाचित दुसऱ्या कोणाला वाटलेल्या मेमरीत जाऊन पडेल. म्हणून प्रत्येक घट रिलीज प्रकारची हवी आणि शून्य पाहणाऱ्याने मोडीपूर्वी अक्वायर बॅरिअर घातला पाहिजे. एकाच व्हेरिएबलवरील तीन ठिकाणी तीन वेगवेगळे क्रम योग्य ठरतात, यावरून क्रम हा व्हेरिएबलचा गुणधर्म नसून दोन थ्रेडांमधील नात्याचा गुणधर्म आहे, ही या विषयातील सर्वांत महत्त्वाची समजूत पक्की होते.

ही समजूत आली की कामाच्या सवयी बदलतात. प्रत्येक रिलीजशेजारी तो कोणत्या अक्वायरचा जोडीदार आहे आणि त्याने कोणती माहिती सुरक्षित केली आहे, हे टिपणीत लिहिले जाते. लिनक्समध्ये टिपणीविना बॅरिअर आढळला तर पॅच तपासणारी स्क्रिप्टच इशारा देते. दुसऱ्याचा कोड तपासताना ‘हा चालतो का’ या प्रश्नाच्या आधी ‘याची जोडी कोठे आहे’ हा प्रश्न विचारला जातो. शंकेची जागा काही ओळींच्या लिटमस चाचणीत उतरवली जाते आणि हर्डसारखे साधन मेमरी मॉडेलने मुभा दिलेल्या सर्व शक्यता धुंडाळून अनिष्ट निकाल संभवतो की नाही ते सांगते. लिनक्स कर्नेलची स्वतःची मेमरी मॉडेल २०१८ पासून याच साधनासाठी लिहिलेली उपलब्ध आहे. डेटा रेस हुडकणारा थ्रेडसॅनिटायझरही मोलाची मदत करतो, पण प्रत्यक्ष चाललेल्या वाटांपुरतीच, हे विसरून चालत नाही. या साधनांनी युक्तिवादाची जबाबदारी संपत नाही. कोणता निकाल अनिष्ट आहे हे आधी माणसालाच ठरवावे लागते.

सिद्धांतही अजून सर्व बाजूंनी पूर्ण झालेला नाही. रिलॅक्स्ड क्रियांच्या चक्रातून उगम नसलेली किंमत प्रकट होणे नियमांच्या शब्दांत कसे अडवावे, याचे समाधानकारक उत्तर सी प्लस प्लसच्या प्रमाणग्रंथाला सापडलेले नाही, आणि अक्वायरहून स्वस्त पडावा म्हणून योजलेला ‘कन्झ्यूम’ हा क्रम कंपायलरांना नीट राबवता न आल्याने २०१७ च्या आवृत्तीत तो न वापरण्याचा सल्ला देण्यात आला. तज्ज्ञही जेथे चाचपडतात तेथे सामान्य प्रोग्रामरने धाडस कमी करावे, हा यातून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष आहे. लॉक पुरत असेल तर लॉक वापरावे. ॲटॉमिक लागलाच तर भाषेने न मागता दिलेला, म्हणजे सिक्वेन्शियली कन्सिस्टंट क्रम ठेवावा. आणि मोजमापाने गरज सिद्ध झाल्यावरच तो सैल करावा.

असे काम आता मूठभर तज्ज्ञांपुरते उरलेले नाही. अँड्रॉइडचे बहुतेक फोन एआरएमवर चालतात, क्लाउडमध्येही एआरएमचे सर्व्हर भाड्याने मिळू लागले आहेत, आणि ॲपलने २०२० मध्ये आपले संगणक एआरएमवर नेताना एक्स८६ साठी लिहिलेला जुना कोड चालावा म्हणून एक्स८६ च्या क्रमाने मेमरी हाताळण्याची खास सोय आपल्या चिपमध्ये ठेवली. एका निर्मात्याला ती सोय हार्डवेअरमध्ये घालावी लागली, यावरून न लिहिलेल्या गृहीतकांवर किती कोड उभा आहे याचा अंदाज येतो. पुण्यात किंवा बंगळुरूमध्ये आज लिहिलेली रांग उद्या कोणत्या प्रोसेसरवर धावेल हे लिहिणाऱ्याला सांगता येत नाही, आणि तेथे ती बिघडली तर पाहायला तो उपस्थित नसतो. त्याच्या वतीने तेथे उभा राहतो तो फक्त त्याने लिहून ठेवलेला युक्तिवाद. म्हणून ज्या क्रमाचे कारण दोन वाक्यांत लिहिता येत नाही तो क्रम कोडमध्ये ठेवू नये, हा नियम नवोदितांना पहिल्याच दिवशी शिकवण्याच्या योग्यतेचा आहे.